वाकड्या तोंडाचा बचाव

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू देऊही नका. खुद्द आमच्या पाद्रीबाबांचा बसला नाही, आणि ते तर पाण्यावरून चालत जाणाऱ्यावरही विश्वास ठेवतात.

असं म्हणून मी ग्लास पुढे ओढला. धक्क्यावर पेरिनाच्या खानावळीसमोर आम्ही चौघं बसलो होतो. एक मी, ज्याला अख्खं लुचित्सा गाव बार्बा नादालिन म्हणतं, कारण या वयाच्या प्रत्येक माणसाला इथं बार्बाच म्हणतात. दुसरी पेरिना, माझी भावजय, जी नात्याचा मान राखून माझ्या वाइनमध्ये इतरांपेक्षा जास्त पाणी घालते. तिसरा बेकरीवाला झोर्झी. आणि चौथा एक ट्रकवाला. गावच्या उत्सवासाठी समुद्रापलीकडून आमच्या बेटावर मांस घेऊन आला होता आणि दक्षिणेचा वारा सुटल्यामुळे अडकून पडला होता. असल्या वाऱ्यात फेरीबोट धक्क्याला लागत नाही. माणूस भला दांडगा, मान नावालाच. समोर तळलेल्या सार्डिन माशांची ताटली, आणि ते मासे तो काट्यांसकट खात होता.

त्यानंच विचारलं होतं, "ते वर फुटबॉलचं मैदान दिसतंय, तिथून कधी कोणी मोठा खेळाडू निघाला का हो?"

"कोणी काय विचारता? येर्को निघाला!"

पेरिना म्हणाली, "झालं. मी आणखी सार्डिन टाकते. हे आता लवकर उठत नाहीत."

आमचं मैदान म्हणजे एका बाजूला दगडी गडगा आणि खालच्या गोलामागे थेट समुद्र. तिथं नियम एकच. ज्याच्या अंगावरून चेंडू पाण्यात गेला, त्यानं पोहून आणायचा. मग जानेवारी असो की अंगात ताप असो. येर्को मच्छीमाराच्या घरचा, पण पाण्याची अशी धास्ती, की सूपसुद्धा वाटीच्या कडेकडेनं प्यायचा. मग त्यानं काय करावं? चेंडू आपल्यापुढे जाऊच द्यायचा नाही, असं ठरवून टाकलं. पुढे मोठमोठ्या शहरांतल्या पेपरवाल्यांनी लिहिलं की या बचावपटूला देवाची देणगी आहे. देणगी कसली? गार पाणी!

समोरच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरातल्या एका क्लबानं त्याला उचलला. तिथून ऑस्ट्रिया, मग बेल्जियम, शेवटी सायप्रस. ऑस्ट्रियातली हकीकत तर अशी. प्रशिक्षकानं त्याला बजावलं, "त्यांच्या नऊ नंबरवाल्याला सोडायचं नाही." आता आमच्या बेटावरच्या माणसाला एकदा सांगितलं की सांगितलं. मध्यंतराची शिट्टी झाली, नऊ नंबरवाला आपल्या खोलीत गेला. येर्कोही गेला. त्यांच्याच बाकावर बसला, त्यांचाच चहा प्यायला, त्यांच्या प्रशिक्षकाच्या शिव्या मुकाट्यानं ऐकल्या आणि नऊ नंबरवाल्याच्या खांद्याला खांदा लावून बाहेर आला. सामना संपल्यावर त्या बिचाऱ्यानं हात जोडले. म्हणाला, "बाबा रे, आता सोड. मला माझ्या लग्नाला जायचंय."

"मग सोडलं?" ट्रकवाल्यानं विचारलं.

"छे! लग्नाच्या फोटोत आहे तो."

"कुणाकडून? नवऱ्याकडून की नवरीकडून?" झोर्झी म्हणाला. त्याला उत्तर ठाऊक होतं. पण चांगला बेकरीवाला कणीक आणि गोष्ट, दोन्ही वेळेवर दाबतो.

"दोघांच्या मधोमध," मी म्हणालो.

मध्ये एक मोसम तो ब्येलोवारकडे खेळला होता, आत, समुद्रापासून दूर सपाट मुलखात. तिथं त्याला बारिका भेटली. येर्कोला जिनं चकवलं अशी जगात ती एकटीच. लग्न झालं आणि ती त्याच्यामागून देशोदेशी सामान बांधत, सोडत हिंडली. अखेर त्याच्या गुडघ्यांनी हात टेकले. तसा तो बारिकाला घेऊन घरी आला आणि आमच्या लुचित्साच्या संघाचा प्रशिक्षक झाला.

आल्या दिवशीच इथं, याच टेबलाशी, बारिकानं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. "येर्को, तुझ्यापायी मी बेल्जियमचा पाऊस खाल्ला आणि सायप्रसच्या उन्हात टोमॅटोसारखी सोलून निघाले. हा तुझा शेवटचा क्लब. इथून काढलं, की पाळी माझी. मग ब्येलोवार. माझ्या भावाकडे डुकरं रग्गड आहेत, भरवशाचा माणूस नाही."

"कबूल," येर्को म्हणाला आणि त्यानं हात दिला. इथं हात दिला म्हणजे दिला. नोटरीलाही त्यानंतर काही काम उरत नाही.

आता ब्येलोवार म्हणजे काय चीज आहे, ते बेटावरच्या माणसाला विचारा. तिथं चर्चच्या मनोऱ्यावर चढलात तर काय दिसतं? मका. आणि त्या मक्यापलीकडे? शेजाऱ्याचा मका.

"काही ठिकाणी सूर्यफूलही असतं," ट्रकवाला हळूच म्हणाला.

"असेल. पोहता येतं का त्यात?"

"येर्कोला तरी कुठं पोहायचं होतं?" पेरिना म्हणाली.

बरोबर बोलली. पण गंमत तीच आहे. एका संध्याकाळी जाळी उतरत्या उन्हात पडलेली असताना येर्को मला म्हणाला होता, "नादालिन, डुकरांचं मला वावडं नाही. पाण्यात उतरायचीही हौस नाही. पण सकाळी खिडकी उघडली आणि समोर समुद्र नसला, तर मी डोळे उघडून करू काय?" एवढा दांडगा माणूस, पण हे बोलताना त्याचा आवाज असा झाला होता, की मी पहिल्यांदाच त्याला माझ्या पैशानं वाइन पाजली.

तर प्रशिक्षक येर्को कामाला लागला. फळा आणला, त्यावर वर्तुळं काढली, बाण काढले. आमचे बचावपटू कोण? पोस्टमन, गवंडी, वेटर आणि फेरीबोटीचा दोर बांधणारा. ते चौघं फळ्याकडे असे बघायचे, जशी गाढवं नव्या दाराकडे बघतात. बरं, सामन्यात बाहेरून ओरडून सांगावं, तर आमच्या मैदानावर वारा असा, की लुचित्सात दिलेली हाक थेट इटलीत ऐकू जाते.

मग एका गुरुवारी तो इथं ब्रिश्कुला खेळत असताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ब्रिश्कुला पत्त्यांचा खेळ. दोघं दोघं जोडीनं बसायचं आणि आपल्या हातात हुकमाचं काय आहे, ते जोडीदाराला तोंडानं खुणावायचं. बोलायचं नाही, नुसतं तोंड करायचं. एक्का असला तर ओठांचा चंबू. राजा असला तर डोळे वर. घोड्याचं पान असलं तर खांदा उडवायचा. आणि तिर्री, जी आमच्याकडे एक्क्याच्या खालोखाल जबर, ती असली तर तोंड एका बाजूला वाकडं. जोडीदारानं तोंड वाकडं केलं की आपण हात आवरायचा, हा डाव त्याचा, त्याला सोडून द्यायचा. हे आम्हाला कोणी शिकवत नाही. आम्ही दात येण्याआधी हेच शिकतो.

येर्कोनं फळा पेरिनाला देऊन टाकला.

"अजून त्यावर मासळीचे भाव लिहिते," पेरिना म्हणाली.

आणि येर्कोनं संघाला खुणा शिकवल्या. ओठांचा चंबू म्हणजे सगळे मागे. डोळे वर म्हणजे चेंडू उंच भिरकावा. खांदा म्हणजे आपापला माणूस धरा. आणि तोंड वाकडं म्हणजे चौघांनी एका रेषेत एकदम पुढे सरकायचं, म्हणजे पाठीमागे राहिलेला समोरचा गडी आपोआप ऑफसाइड, त्याचा गोल धरतच नाहीत. पोस्टमन, गवंडी, वेटर आणि दोरवाला, चौघांना हे एका दुपारात कळलं. त्या वसंतात आम्ही असा बचाव केला, की समोरच्या संघांना वाटायचं, यांच्या प्रशिक्षकाला फिट येतात.

पण गोल आम्हाला करता येत नव्हते, ते नव्हतेच. शेवटचा सामना उरला तो ग्राबोवात्सशी. ते डोंगरावरचं गाव, आमच्या डोक्यावर बसलेलं, पाऊस पडला की त्यांचा चिखल आमच्या अंगणात. हार्डवेअरचं दुकान चालवणारा कुझ्मा आमच्या क्लबाचा अध्यक्ष. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "येर्को, बरोबरी केलीस तर राहा. ग्राबोवात्सकडून हरलास, तर मला तुझं तोंड दाखवू नकोस. वाकडं नाही, सरळही नाही."

बारिकानं त्याच रात्री माळ्यावरून बॅगा काढल्या. दुष्टपणा म्हणून नाही हो. तिला सवयच ती.

आणि सामन्याच्या सकाळी झालं ते असं. आम्ही सगळे इथंच आत बसलो होतो. मासे भाजत होते, धूर दाटला होता. कोणी तरी समुद्राकडची खिडकी उघडली...

"'कोणी तरी' म्हणे!" पेरिना म्हणाली. "तुम्हीच उघडलीत, भावजी."

बरं, कोणी तरी उघडली. आणि त्याच क्षणी मागचं दार उघडंच होतं. झोत! उघड्या खिडकी-दारांमधला वाऱ्याचा झोत! आमच्याकडे माणूस समुद्रात बुडाला तर लोक हळहळतात, पण झोतात बसून गेला तर म्हणतात, हातानं ओढवून घेतलंन. सगळे ओरडून भिंतींना चिकटले. एकटा येर्को, गुडघ्यांनी अधू, जागेवरून उठेपर्यंत झोत त्याच्या डाव्या गालाला लागला. आणि तोंड जे डावीकडे गेलं, ते तिथंच राहिलं.

पेरिनानं तापल्या मिठाची पुरचुंडी धरली. झोर्झीनं गालाला राकिया चोळली, आमची घरची कडक दारू. उरलेली मी प्यायलो, टाकवत नाही म्हणून. तोंड काही केल्या सरळ होईना. येर्को आपल्या चौघांना म्हणाला, "पोरांनो, आज माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. आज ते खोटं बोलतंय. मी हात वर केला तरच पुढे सरकायचं." चौघांनी माना डोलावल्या. पोस्टमननं तर शपथ घेतली.

पण मला सांगा, जन्मभराची सवय शपथेनं जाते? आमच्या माणसाला बायकोचं ऐक म्हणा, ऐकणार नाही. डॉक्टरचं ऐक म्हणा, ऐकणार नाही. पण समोर जोडीदाराचं तोंड वाकडं दिसलं की त्याच्या अंगातलं सगळं रक्त सांगतं, सरक!

शिट्टी झाली. चौघांनी बाकाकडे पाहिलं. तोंड वाकडं. चौघं पुढे. ग्राबोवात्सचा लुक्शा, त्यांचा सगळ्यात चपळ गडी, पाठीमागे एकटा उरला. ऑफसाइड! पुन्हा चेंडू आला, पुन्हा चौघांनी पाहिलं, पुन्हा पुढे. पुन्हा ऑफसाइड! रेषेवर झेंडा घेऊन मी उभा होतो, कारण आमच्या लीगमध्ये रेषेवरचा माणूस यजमान गावानंच द्यायचा असतो. मी फार प्रामाणिक माणूस आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

"हे मात्र खरं," झोर्झी म्हणाला.

मध्यंतरापर्यंत आमचे चौघं मध्यरेषेवर पोचले होते. नंतर ती ओलांडून गेले. लुक्शा आपल्याच अर्ध्या मैदानात, आपल्याच गोलापाशी उभा, आणि माझा झेंडा वर.

ट्रकवाल्यानं बोट वर केलं. "पण आपल्याच अर्ध्यात तर ऑफसाइड नसतो ना, बार्बा?"

"झेंडा माझ्या हातात होता की तुमच्या?"

"तुमच्या."

"मग खा सार्डिन."

येर्कोनं बाकावर डोकं धरलं. मागे सगळं मैदान मोकळं, आणि त्यात आमचा गोलरक्षक झोर्झी एकटाच गोलात उभा, वाळत घातलेल्या शर्टासारखा. शेवटी येर्कोनं काय केलं, गळ्यातला मफलर तोंडावर ओढला. झाकलं तोंड की लागली वाट! चौघांनी पाहिलं, तोंडच नाही. जोडीदाराला तोंडच नसेल तर माणसानं खेळायचं कसं? पोस्टमन डावीकडे धावला, गवंडी उजवीकडे, वेटर जागच्या जागी गिरकी घेऊन थांबला, आणि लुक्शाचा फटका असा खांबावर आदळला, की चर्चच्या घंटेनं उत्तर दिलं. तसं अख्खं लुचित्सा गडग्यावरून एका सुरात ओरडलं, "येर्को, तोंड दाखव!"

बारिका सगळ्यांत मोठ्यानं ओरडली. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. बॅगा भरल्या होत्या तिनं, तरीही.

येर्कोनं मफलर काढला. चौघं सरकले. वेळ सरत आली. गोल नाही त्यांचा, नाही आमचा. आणि अगदी शेवटी, अहो, शेवटी ते झालंच. ग्राबोवात्सच्या गोलरक्षकानं चेंडू डोळे मिटून भिरकावला. तो आमच्या चौघांच्या डोक्यांवरून गेला आणि लुक्शा आपल्या अर्ध्यातून अगदी कायद्यानं निघाला. माझा झेंडा वर होता, पण पंचानं तोवर माझ्याकडे बघायचंच सोडलं होतं. लुक्शा धावतोय. पुढे कोणी नाही. नुसता झोर्झी.

"मी डोळे मिटले होते," झोर्झी घाईघाईनं म्हणाला. "पुढचं मला विचारू नका."

तुला विचारतंय कोण? ऐका. लुक्शा धावत धावत आमच्या बाकासमोर आला. आता तुम्ही बाहेरचे, म्हणून एक सांगून ठेवतो. लुक्शा ग्राबोवात्सचा खरा, पण पत्त्यांच्या जोडीला गाव नसतं. गुरुवारी इथं येर्कोसमोर जोडीदार म्हणून जो बसतो, तो हाच लुक्शा. येर्को परदेशी जायच्या आधीपासून. तर धावता धावता त्यानं सहज मान वळवली. कशाला वळवली, देव जाणे. आणि समोर काय? आपल्या जोडीदाराचं तोंड वाकडं!

तिर्री त्याच्याकडे आहे. डाव त्याचा. आपण हात आवरायचा.

लुक्शाचा पाय गोलाकडे निघाला होता, तो मधेच वळला. आणि त्यानं चेंडू हळूच, अगदी पत्ता ठेवावा तसा, येर्कोच्या पायांशी सोडला. येर्कोनं तो थांबवला. थांबवणारच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लुक्शाचा चेहरा असा काही उतरला, की मला वाटलं, आता यालाही झोत लागला. तेवढ्यात शेवटची शिट्टी!

त्यानंतर पुढचे कित्येक दिवस लुक्शाच्या आईनं त्याचं ताट अंगणात, कोंबड्यांजवळ वाढलं. कुझ्मानं येर्कोला मिठी मारली. आणि बारिकानं बॅगा सोडल्या, एकेक कपडा खुंटीला लावला, आणि म्हणाली, "ठीक आहे. समुद्र तर समुद्र." येर्को राहिला. तोंडही सरळ झालं. आजही तोच आमचा प्रशिक्षक आहे. आत्ता वर ऑलिव्हच्या मळ्यात गेलाय, नाहीतर हाक मारून तुमच्यासमोरच बसवला असता.

मी ग्लास रिकामा केला. पेरिना आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसायला लागली. झोर्झीला एकाएकी समुद्रात बघण्यासारखं काही तरी सापडलं.

ट्रकवाल्यानं पावाच्या तुकड्यानं ताटलीतलं तेल टिपलं, तुकडा तोंडात टाकला, शांतपणे चावला, गिळला.

"छान सांगता, बार्बा," तो म्हणाला. "ऑस्ट्रियाचंही खरं असेल. मी तो लग्नाचा फोटो पाहिलाय, आमच्या स्वयंपाकघरात लावलाय."

"तुमच्या?"

"मी इम्ब्रो. बारिकाचा भाऊ. उत्सवाला जे मांस आणलंय, ते माझ्याच डुकरांचं." त्यानं हात फडक्याला पुसले. "लुक्शानं मान वळवली, तोंड वाकडं पाहिलं, आणि चेंडू सरळ जाळ्यात मारला. दर रविवारी जेवताना हे ऐकतो मी. आणि येर्को इथं वर मळ्यात आहे म्हणता, तर मग काल सकाळी ब्येलोवारला माझ्या आवारात कुंपणापाशी उभं राहून तोंड वाकडं करत होता, आणि ते बघून माझी सगळीच्या सगळी डुकरं एका रेषेत पुढे सरकत होती, तो कोण हो?"